सेटवरचा आवाज

काळ्या पडद्याला एक चीर होती. सकाळचं ऊन तिथून आत उतरे. आधी फरशीवर बारीक रेघ, मग खुर्चीचा पाय, मग टेबलावरचा गार झालेला चहा, आणि अखेर संगणकाची चौकट, जिच्यात ताई मरत होती. ऊन तिच्या कपाळावर घटकाभर विसावलं. तिनं डोळे किलकिले करावेत, असं तिच्या धाकट्या भावाला, दिग्दर्शकाला, उगाच वाटून गेलं.

संकलक बाईंनी पडदा ओढून घेतला.

चित्रपट छोट्या छोट्या कथांचा होता. प्रत्येक दिग्दर्शकाला ऑपेरातलं एकेक गाणं दिलेलं. त्याच्या वाट्याला नायिकेच्या मृत्यूचं गाणं आलं. आवाज एका परदेशी गायिकेचा, चेहरा त्याच्या थोरल्या बहिणीचा. चित्रीकरणात गाणं वाजे आणि ताई नुसते ओठ हलवी. सेटवरचा आवाज मुद्रित होई तो केवळ ओठ जुळवण्यापुरता; जुळणी झाली की तो पुसून टाकायची रीत.

जुळणी काल झाली होती. बाईंनी आवाज पुसला नव्हता.

“एकदा ऐका,” त्या म्हणाल्या.

भूमिकेसाठी बहीण केवढी वाळली, म्हणून निर्मात्यांनी तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा तो मान डोलावत राहिला होता. आईलाही त्यानं फोनवर तेच सांगितलं होतं. सिनेमा संपू दे, मग तूच खायला घाल तिला पोटभर.

गाणं संपलं. त्याचाच आवाज आला, ‘कट’. टाळ्या पडल्या. मग उशीखाली लपवलेल्या माइकजवळ ताई रंगभूषा करणाऱ्या मुलीशी हळूच बोलली.

“झालं ना गं? मग हात दे जरा. मला उठता येत नाहीये.”

मुलगी घाबरून डॉक्टरांचं काही बोलली. ताईला हसू आलं, हसण्यातच दम लागला.

“त्याला सांगू नकोस हं. नाहीतर माझ्याऐवजी दुसऱ्याच कुणाला तरी मारेल तो.”

पुसून टाका, असं त्याला म्हणायचं होतं. त्याआधीच बाईंनी त्याच्याकडे न पाहता विचारलं, की ताई केव्हापासून अशा वाळत चालल्या?

भूमिका दिल्यापासून, हे उत्तर ओठांवर आलं आणि तिथंच थबकलं.

त्याला एक सकाळ आठवली. ताई खिडकीशी कपडे वाळत घालत होती. हात वर करताना तिचं घड्याळ मनगटावरून घसरून कोपरापर्यंत आलं होतं. गळ्याच्या हाडांमागच्या खळग्यांत कोवळं ऊन साचलं होतं. तो दारात उभा राहून पाहत राहिला होता. किती सुंदर, एवढंच त्याच्या मनात आलं होतं. मग त्यानं निर्मात्यांना फोन लावला होता.

ताई वाळलेली पाहूनच तिला ही भूमिका द्यायचं त्याला सुचलं होतं.