लेथखालचा कीस

मंदी आली की कारखाना आधी माणसं कमी करतो, मग दिवे, आणि सगळ्यात शेवटी झाडू. म्हणूनच लेथवर लोखंड कातणारा टर्नर घरी बसला होता आणि त्याची बायको मात्र अजून रोज सकाळी तिथलीच शेड झाडत होती.

वीज कधीच तोडलेली होती. तरी नवऱ्याच्या लेथखाली रोज ताजा कीस पडलेला असे. हात लावला तर कोमट. लेथवर मात्र लोखंडाचा तुकडाही लावलेला नसे.

सुपरवायझर हिशेबी माणूस. "वहिनी, कीस पडतोय तोवर मला वर तुमच्या नोकरीची गरज दाखवता येते. तो कुठून येतो हे विचारून आपल्याच पोटावर पाय कशाला द्यायचा?"

तिने विचारलं नाही.

घरी नवऱ्याचे शर्ट दर थोड्या दिवसांनी शिवणीत आत घ्यावे लागत. "नीट जेवत जा हो," ती म्हणे.

"बसून खाणाऱ्याला किती लागतं?" तो हसे.

एकदा टाके घालताना तिला तो कोमट कीस आठवला आणि मनात भलतंच काहीतरी आलं. पण घरात कमावणारी आता तीच. तिने दोरा तोडला आणि सकाळी झाडू उचलला.

मग एक दिवस लेथखाली काहीच नव्हतं. फरशी लख्ख.

"संपलं वाटतं," सुपरवायझर म्हणाला. "उद्यापासून येऊ नका."

ती धावतच घरी आली. खाटेवर चादर सपाट पसरलेली होती. कुठे उंचवटा नाही, सुरकुती नाही.

"आज लवकर सुटलीस?" चादरीखालून नवऱ्याने विचारलं.