दोन कार्यालयं, एक पत्ता

गुंताबाईने चिठ्ठी धुळे कार्यालयातल्या टेबलावर ठेवली. ‘धुळे कार्यालयात विचारावे.’ खाली जळगाव कार्यालयाचे दोन शिक्के : एक तीन तारखेचा, एक आजचा, वीस तारखेचा. ज्योत्स्नाने चिठ्ठी उलटली. मागे तिच्याच अक्षरात, तीन तारखेला लिहिलेलं वाक्य होतं : ‘जळगाव कार्यालयात विचारावे.’

“तठे म्हनतस धुयाले जा, अठे म्हनतस जयगावले जा,” गुंताबाई म्हणाली. “पोऱ्याना फोन बंद शे. कोनी हा बी म्हनत नही, कोनी नही बी म्हनत नही.”

तिचा मुलगा सुकलाल सुरतेला बांधकामावर गेला होता. परगावी जाणाऱ्या मजुरांची नोंद ही संस्था ठेवायची आणि निघताना प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड द्यायची. सुकलालच्या कार्डावर त्याचं नाव आणि संस्थेचा कार्यकर्ता बिजला याचा ई-मेल होता. बिजलाने दिवाळीत नोकरी सोडली.

ज्योत्स्नाने सर्व्हरवरच्या नोंदींत बिजलाचं नाव शोधलं.

ई-मेलमधला @ नंतरचा पत्ता दोन्ही कार्यालयांचा एकच. सर्व्हर मात्र दोन, एक जळगावला, एक इथे. ते तिनेच जोडले होते. पत्र आधी जळगावला येणार. नाव तिथल्या यादीत नसेल तर धुळ्याला. इथेही नसेल तर ‘असा माणूस नाही’ म्हणून परत. यातलं शेवटचं संस्था चालवणाऱ्या झुलालनानांना पटलं नव्हतं. “आपण कुणाला ‘इथं नाही’ असं तोंडावर सांगत नाही. दुसरीकडे विचारा म्हणतो. संस्था उभी राहिली तेव्हापासून हेच चालत आलंय,” ते म्हणाले होते. म्हणून तिने धुळ्याच्या सर्व्हरलाही सांगून ठेवलं : नाव नसेल तर जळगावला पाठव. दोन्ही याद्यांत नसलेलं नाव आलं तर काय होईल, हे तिला माहीत होतं. असं नाव लिहिणार कोण, असं तिला वाटलं होतं.

धुळ्याला बदली झाली म्हणून जळगावने बिजलाचं नाव काढलं होतं. सोडून गेला म्हणून धुळ्याने.

नोंद सापडली. सोमवार, तीन तारीख, बारा वाजून चार मिनिटं. सुरतेचा एक दवाखाना. विषय : ‘सुकलाल. खिशात आपले कार्ड. नातेवाईकांना तातडीने कळवावे.’ खाली ओळीमागून ओळी. जळगावहून धुळे. धुळ्याहून जळगाव. एकोणीस सेकंदांत पंचवीस फेऱ्या. फेऱ्यांची मर्यादा संपली तेव्हा पत्र सुरतेला परत गेलं.

तिने आतल्या खोलीतून दवाखान्यात फोन लावला.

“मेल परत आली,” पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला. “त्यानंतर दोन दिवस जिवंत होता तो. मग देह आठवडाभर ठेवला. कुणीच नाही असं धरून तेरा तारखेला अग्नी दिला.”

नाना दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“पत्र मिळालं नाही, एवढंच सांग तिला,” ते हळू आवाजात म्हणाले. “खोटं नाही ते.”

“आलं होतं, नाना. पंचवीस वेळा आलं.”

तिने खुर्ची ओढली आणि गुंताबाईच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. आधी सुकलालचं सांगितलं. मग पत्राचं. तो पत्ता कुणी जोडला, तेही सांगितलं. मधे कुठे थांबली नाही.

गुंताबाई रडली नाही. टेबलावरची चिठ्ठी तिने उचलली, घडी घातली, पुन्हा उलगडली. शिक्क्यावर बोट ठेवलं.

“कोनती तारीख म्हनी तू?”

“तीन.”

“बारा वाजता?”

“हो, मावशी.”

“जयगावथीन धुयाले उना, धुयाथीन जयगावले गया?”

ज्योत्स्नाने मान हलवली.

गुंताबाई खिडकीबाहेर बघत राहिली. स्टँडकडून एक एसटी वळून पारोळ्यावरून जाणाऱ्या जळगाव रस्त्याला लागत होती.

“बारा वाजता मी जयगावनी मोटरमाच व्हती,” ती म्हणाली. “पारोयाजोडे मना बाजूनंच गया व्हई तो.”