दुसरा थांबा

“आजी, तुम्ही घरीच थांबा. दोन थांबे जाऊन येतो, नातीची बसच्या घंटेची भीती मोडेल,” वस्तीतल्या मानसोपचार केंद्राच्या बाई म्हणाल्या होत्या. पण इनिडआजीचा गोड बोलणाऱ्यांवर विश्वास नव्हता. साठ वर्षांपूर्वी तिच्या, नातीसारख्याच स्वमग्न भावाला “चार दिवसांनी आणून सोडतो” म्हणत असेच लोक घेऊन गेले. परत आली फक्त टोपी. म्हणून ती पेपरमिंट चघळत डबलडेकरमध्ये त्या दोघींच्या मागच्याच बाकावर लपून बसली. पहिला थांबा गेला. दुसरा समोर दिसू लागला तरी बाई हात मांडीवर ठेवून ढिम्म. घंटा वाजवली नाही तर बस पुढे जाणार. म्हणजे पोरीला पळवताहेत! इनिडआजीने नातीच्या खांद्यावरून हात घंटेच्या बटणाकडे नेला. “आजी, हात लावू नकोस,” नात मागे न बघता म्हणाली. “पेपरमिंटचा वास येतोय. घंटा मी वाजवणार आहे.” आणि तिने वाजवली.