पाचवीचा कोरा कागद

दिशाने बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. बाळ रडलंच नाही. पाय गार, अंग ढिलं, सकाळपासून आरतीवहिनीच्या दुधाला तोंड लावलेलं नाही. तरी ओट्यावरच्या बायकांचं एकच चाललेलं, काय गुणाचं लेकरू, आईला जरा म्हणून त्रास न्हाई. दिशाच्या डोक्यात सणक गेली. गुणाचं कसलं डोंबल! त्याच्यात रडायची ताकदच उरली नव्हती.

दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी बजावलेलं, बाळ दूध ओढेना, गार पडलं, तर तडक घेऊन या. दिशाने ते ओरडून ओरडून सांगितलं. पण उद्या पाचवी. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिणार, म्हणून आईने, भागूबाईने, पाट्यावर कोरा कागद आणि पेन आजच मांडून ठेवलेलं. त्याआधी लेकरू उंबरा ओलांडणार नाही म्हणजे नाही. आणि गोरक्षदादा, बाळाचा बाप, घाटात जीप पळवणारा गडी, आईपुढे मान खाली घालून उभा!

दिशाने बाळ दुपट्यात गुंडाळलं आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसली. वहिनी तिच्या मागोमाग.

“सटवाईला म्हणावं, लिहायचं असंल तर अकोल्याला ये. दादा, गाडी काढ, न्हाईतर मी चालत निघते.”

दादाने गाडी काढली.

अकोल्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाचं रक्त काढलं, तेव्हाही ते रडलं नाही. आधी औषध द्यायचं सोडून रक्त काय काढताय, म्हणून दिशा त्यांच्यावरही खेकसली. रक्तात जंतू पसरलेले दिसतात, त्या म्हणाल्या. कुठले ते कळायला दोन दिवस लागतील, औषध मात्र आत्ताच. आणि लगेच शिरेतून इंजेक्शन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सुई बदलताना बाळ बारीकसं किंचाळलं. धोका टळलेला नाही, बाई म्हणाल्या. दिशा मात्र मनात म्हणत होती, शाब्बास, अजून चिड.

तेवढ्यात दारात आई. दिशा बाह्या सरसावून उठली. आईने तिच्याकडे पाहिलंही नाही. पदराखालून कागद आणि पेन काढून तिने डॉक्टरीणबाईंपुढे धरलं.

“गोरक्षाच्या आधीचा बी असाच गुणाचा हुता. त्याची पाचवी लई थाटात केली आमी. सकाळी मातीत ठेवला.”

आपल्याला आणखी एक भाऊ होता, हे दिशाला आत्ता कळत होतं.

“बाई, ह्याचं तुमी लिव्हा.”