जबानीची नक्कल

निजामाच्या हैदराबादच्या कौन्सिलात विरोधी बाकावरच्या वीरुपाक्षअप्पा वकिलांचं चार वर्षं एकच पालुपद होतं: फिर्यादीला स्वतःच्या जबानीची नक्कल मिळालीच पाहिजे. दरवेळी ते ताडकळसच्या चतुराबाईचा दाखला द्यायचे. तिचा नवरा पोलीस ठाण्यात चालत गेला आणि त्याची मयत बाजेवरून घरी आली. तिनं सांगितलेलं सगळं उर्दूत उतरून दप्तरात बंद झालं. बाकीचे सभासद जांभया द्यायचे. शेवटी सरकारच कंटाळलं आणि म्हणालं, द्या.

पहिली नक्कल चतुराबाईचीच निघाली. परभणीला ओसरीवर बसून वकील तिला ती मराठीत सांगायला लागले आणि दुसरी ओळ त्यांनी दोनदा वाचली. ‘नवरा आजारानं गेला. माझी कोणावर फिर्याद नाही.’ खाली अंगठा.

"बाई, हा अंगठा तुमचा नसणार. खोटा उठवलाय," चष्मा काढून डोळे चोळत ते म्हणाले. "पुन्हा उभा राहतो मी कौन्सिलात."

चतुराबाईनं कागदावरच्या ठशावर आपला अंगठा टेकवला.

"माझाच हाय, वकीलसाब. त्याबिगर मयत न्यू देईनात."