निवलेला चहा

शालनआत्याने पातेल्यातला चहा थेट कपात गाळला आणि नेत्राने घरच्या सवयीने तो तसाच तोंडाला लावला.

"अगो, फुंकून पी!" आत्या ओरडली, पण तोवर नेत्राची जीभ पोळली होती.

नेत्रा मंगळावर जन्मलेली. तिथल्या वसाहतीत हवेचा दाब कमी ठेवलेला, म्हणून पाणी सत्तर अंशांतच उकळायचं आणि उकळता चहा कुणीही न फुंकता प्यायचं. पृथ्वीवर ते शंभराला उकळतं, हे तिला शाळेपासून पाठ होतं. जिभेला मात्र ते आज कळलं.

वेंगुर्ल्यात वाढलेले तिचे बाबा तिथेही चहा बशीत ओतून फुंकर घालायचे, घोट घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. "निवलाय गं," म्हणायचे. घरातले सगळे हसायचे.

शेवटच्या आजारात त्यांनी एकदा कडकडीत चहा मागितला. नेत्राने शेगडीच त्यांच्या खाटेशी नेली. "बघा, उकळतोय डोळ्यांसमोर. आणखी किती तापवू?" ती वैतागून म्हणाली होती. बाबा फुंकर घालून तो चहा प्यायले होते.

त्यांच्या अस्थी समुद्रात सोडायला ती कालच वेंगुर्ल्याला आली होती. अस्थींची डबी समोरच्या टेबलावर होती.

"फार भाजलं का गं?" आत्याने विचारलं.

नेत्राने मान हलवली. पातेल्यातला उरलेला चहा तिने बशीत ओतला आणि वाफाळती बशी डबीपुढे सरकवली.

"बाबा," ती म्हणाली, "फुंकून प्या हं. आज खरंच तापलाय."