सारवलेली वाट

साहेबांचा बूट वाटेवर टेकणार, एवढ्यात मुक्ताबाई ओरडली, "सायेब, पाय ठिवू नका! रांगोळी मोडंल!"

साहेबांनी पाय मागे घेतला. कचेरीतून ते आले होते ते ही वाट तपासायलाच. शेजारी नव्या बंगल्याचे शेठ उभे होते. तुंगार्लीच्या वरची ही जागा त्यांनी वर्षापूर्वी घेतली, भोवती तारेचं कुंपण घातलं आणि सरकारात अर्ज दिला की, माझ्या आवारातून कुणाची वाट जात नाही, कुणीही चालत नाही. आज साहेबांना जमिनीवर चालती वाट दिसली तर ती नकाशात चढणार होती. न दिसली तर कायमची बंद.

वरच्या वाडीला लोणावळ्याला उतरायची सरळ वाट हीच. दूध, जळण, दवाखाना, सगळं हिच्यावरून, कुंपण झाल्यावरही तार वाकवून. एरवी दोन कोसांचा वळसा, आणि ओढा भरला की वळसाही नाही. पावसाळा पंधरा दिवसांवर आला होता. मुक्ताबाईचा धाकटा भाऊ रखमाजी, त्याची सून अवघडलेली होती आणि सुईण खाली तुंगार्लीत राहायची.

रखमाजी हातावर हात ठेवून बसणारा गडी नव्हता. तीन महिने तो आसपासच्या वाड्या फिरला. कोण या वाटेनं नांदायला आलं, कुणाचा बैल इथं घसरला, कोण अर्ध्या वाटेत आंब्याखालीच जन्मलं, असं एकेकाला विचारून त्यानं सगळं मास्तरांकडून वहीत लिहून घेतलं. बेचाळीस माणसांनी खाली अंगठे उठवले. साहेबांनी वही वाचली, मान डोलावली आणि निरोप धाडला, 'वही ठीक. पण मी नकाशात घालतो ते डोळ्यांनी पाहिलेलं. पुढच्या सोमवारी येतो.'

आता साहेब बघायला येणार म्हटल्यावर वाडीनं काय करावं? पाहुणा येणार म्हटलं की अंगणाचं जे करतात तेच केलं. आंब्याखालची दोनशे पावलं वाट बायकांनी झाडून काढली, खड्डे बुजवले, शेणानं सारवली. रोज नवा हात फिरवला. दोन्ही कडांनी रांगोळी आणि मधोमध कमळं. आणि रखमाजीनं सगळ्यांना दम भरला, "सायबानं बघोस्तवर हिच्यावर कुणी पाय ठिवायचा न्हाई. कोंबडीसुदीक न्हाई." आठ दिवस तो काठी घेऊन वाटेच्या तोंडाशी बसला. लेकरांनाच काय, देवाला निघालेल्या अंबूमावशीलाही त्यानं परत फिरवलं.

साहेब आता ओणवे होऊन वाट निरखत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पाऊल नव्हतं.

"रखमाजी," ते म्हणाले, "इथं तर कुणीच चालत नाही."

शेठ हसले. तीन महिन्यांची वही आणि रखमाजीच्या एका हुकमानं तिच्यावर बोळा फिरला होता. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं.

"सायेब, समदी वाडी चालती हिच्यावरनं! पर तुमी येनार म्हून मीच कुनाला चालू दिलं न्हाई."

"असं? मग आठ दिवस सगळी वाडी चालली कुठून?"

शेठचा माळी महिपती वाडीचाच जावई. तो एकाएकी फार लक्ष देऊन आंब्याचे मोहोर गळालेले देठ पाहू लागला. शेवटी रखमाजीनं मान खाली घालून बोट दाखवलं. मेंदीच्या झुडपांपलीकडे.

साहेब तिकडे गेले. मागोमाग शेठ गेले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. ते आठ दिवस मुंबईत होते. तेवढ्यात त्यांच्या हिरवळीवरून, जिला महिपती दोन वेळा पाणी घालायचा आणि जिच्यावर शेठ स्वतः अनवाणी चालायचे, एक हातभर रुंद चिखलाळ वाट गेली होती. फाटकातून आत, कारंज्याला वळसा आणि व्हरांड्याच्या पायऱ्यांना घासून बाहेर. माणसांची पावलं होती, म्हशींचे खूर होते. शेणही होतं, न सारवलेलं.

"झकास!" साहेब म्हणाले. "ही बघा वाट." आणि त्यांनी नकाशा उघडून पेन्सिल काढली.

"अहो, ती नव्हे!" शेठ किंचाळले. "त्यांची वाट ती, आंब्याखालची! वर्षभर बघतोय मी. रोज जातात!"

"अर्जात तर तुम्ही लिहिलंय, तिथं कुणीही चालत नाही."

"चालतात हो, चालतात! असे चालतात!"

आणि शेठ धावले. मेंदीच्या झुडपांतून घुसून निघाले, धोतराचा सोगा हातात धरून कमळं तुडवत आंब्याखालून पलीकडच्या कुंपणापर्यंत गेले आणि पुन्हा तसेच परत आले. एवढ्यानं भागेना म्हणून आणखी एक फेरी घातली.

"अगं बया, रांगोळी!" मुक्ताबाईनं कपाळावर हात मारला.

"मोडू दे, आक्का," रखमाजी म्हणाला. "मोडू दे."

साहेबांनी वाकून ओल्या शेणावरचे पंपशूचे ठसे पाहिले. नकाशातल्या हिरवळीवर टेकवलेली पेन्सिल उचलून त्यांनी आंब्याखाली रेघ ओढली आणि तिच्याखाली सावकाश लिहिलं, 'वाट वहिवाटीची आहे. पाहणीच्या वेळी पावलांचे ठसे स्पष्ट दिसले.'